नळीतून पाहायची वेबसाइट

धम्माभाऊनं मोबाइल स्टुलावर उभा केला. दोन पावलं मागं आला. जुन्या कॅलेंडरच्या पानाची नळी केली, एक डोळा मिटला आणि नळीतून मोबाइलकडं पाहत राहिला. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो.

समोरच्या पानठेल्यावरून रामलाल ओरडला.

"काहून बे धम्म्या, चंद्रावर प्लॉट घेतला काय?"

"वेबसाइट बनवून राह्यलो."

"दुर्बिणीनं?"

"हो. तुले दिसून राह्यली काय?"

"मले तर तुहं डोस्कंच जाग्यावर दिसून नाई राह्यलं."

भाऊ हसला, पण नळी डोळ्यावरून हलली नाही.

धम्मरत्न पेंटर. वय तीस. नेरच्या स्टँडजवळ त्याचं दहा बाय आठचं दुकान आहे. आता दुकानात फ्लेक्सची कामं येतात; ती यवतमाळहून छापून आणायची आणि बांधायची. ब्रश वर्षातून एकदा खाली उतरतात, जयंतीच्या कमानीसाठी. एरवी ते डब्यात उभे असतात. टर्पेंटाइनचा वास अजून जात नाही. मी बी. ए. झालो तेव्हापासून तिथं जाऊन बसतो. भाऊ म्हणतो, तू पुस्तकं वाचली, मी भिंती वाचल्या, बस.

भिंती त्याच्या वडिलांनी रंगवलेल्या. उकंडाबाबा. त्यांच्या आधीची दोन मुलं जगली नाहीत, म्हणून बाबा जन्मल्यावर आईनं त्यांना उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचललं. आमच्याकडं उकिरड्याला उकंडा म्हणतात; नाव तेच पडलं. मृत्यूची नजर जाऊ नये असं नाव. पुढं घरात दीक्षेनंतरची नावं आली, धम्मरत्न आलं, पण बाबांचं नाव बाबांनी बदललं नाही. चाळीस वर्षं ते नाव त्यांनी जिल्हाभर भिंतींच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं. बारीक, तिरप्या अक्षरात. उकंडा पेंटर, नेर.

गेल्या पावसाळ्यात त्यांना काचबिंदू निघाला. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती नजर येत नाही. आहे ती थेंबांवर किती दिवस राहील, सांगता येत नाही. त्यांना आता बाजूचं दिसत नाही. फक्त मधलं दिसतं. ते म्हणतात, "पाइपातून पाह्यल्यावानी. पाइप बी बारीक होऊन राह्यला."

दिवाळीनंतर एका दुपारी ते भाऊला म्हणाले, "माह्या भिंती एकडाव पाह्यतो म्हनतो."

एवढंच. पण आता त्यांना गाडीवर बसवून महागावपर्यंत नेणं शक्य नव्हतं. उन्हात त्यांचे डोळे दिपतात. खड्डा आला की तोल जातो. भाऊनं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "तुमी नका जाऊ. भिंती आणतो."

वेबसाइट करायला तो मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून शिकला. इंटरनेटवर एक फुकट जागा मिळाली. मजकुराचं काम माझ्याकडं होतं. साहित्य शिकलेला मीच होतो.

मी पहिली वेबसाइट अशी बनवली, की आज आठवली तरी कानशिलं तापतात. वर सरकणाऱ्या पाच चित्रांची रांग. खाली पळती अक्षरं. डावीकडं 'आमच्याविषयी', उजवीकडं 'संपर्क', मध्ये माझा तीन परिच्छेदांचा लेख. त्यात 'रंगयात्री' हा शब्द चार वेळा. किती लोक आले ते मोजणारा आकडा. तो आकडा तीनवर थांबला होता; तिन्ही वेळा मीच.

भाऊनं ती उघडली. उघडायला इतका वेळ लागला की सत्यभामाबाई, त्याची आई, चहा ठेवून आल्या आणि चहा संपला तरी निळं चक्र फिरतच होतं.

"हे काय दळून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"ह्या भारतची वेबसाइट, माय," भाऊ माझ्याकडं पाहत म्हणाला.

"मग पीठ कधी निघते?"

शेवटी पान उघडलं. भाऊनं ते बाबांच्या हातात दिलं. बाबा बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "पाण्यावानी काहीतरी हालून राह्यलं. भिंत कुठी हाय?"

भिंत होती. पण त्यांच्या नजरेत जेवढं मावत होतं, तेवढ्यात माझी पळती अक्षरं आणि माझा लेख होता.

दुसऱ्या दिवशी भाऊनं कॅलेंडरचं पान फाडलं आणि रामलालनं हसण्यावारी नेलेली ती नळी केली. ती माझ्या डोळ्याला लावली. "पाह्य. बाबांले एवढंच हाय." मी पाहिलं. जग एका नाण्याएवढं. त्यात जे आलं तेच होतं, बाकी काळोख. मी नळी काढली तेव्हा दुकान, रस्ता, एसटी, सगळं एकदम अंगावर आलं.

मग आम्ही भिंती आणायला निघालो. भाऊ गाडी चालवायचा, मी मागं बसून बाबांनी सांगितलेल्या खुणा वाचायचो. सकाळी धुकं असायचं. दोन्ही बाजूंना वेचायचा राहिलेला कापूस. धुकं कुठं संपतं आणि कापूस कुठं सुरू होतो, कळायचं नाही. त्यातून अचानक एखादी भिंत यायची आणि भिंतीवर एक शब्द. नेरजवळच्या बंद पडलेल्या जिनिंग मिलवर 'कापूस', आमच्या दोघांच्या उंचीएवढा. घाटंजीच्या बाजाराच्या वाटेवर 'दवाखाना'. आता तिथं बकऱ्या बांधतात, पण शब्द बरा होता. महागावकडच्या एका शाळेवर नवा चुना मारला होता. आम्ही परत फिरणार, तेवढ्यात ऊन तिरपं झालं आणि चुन्याखालून 'स्वागत' वर आलं, पाण्यातून मासा वर यावा तसं. भाऊनं फोटो काढला. मी श्वास धरून उभा. थोड्या वेळानं ऊन सरकलं आणि शब्द परत खाली गेला.

अशा अकरा भिंती मिळाल्या. कितीतरी मिळाल्या नाहीत.

मग भाऊ वेबसाइटला बसला. बाबांनी त्याला लहानपणी शिकवलेलं तो तोंडानं पुटपुटायचा. बोर्ड चालत्या एसटीतून वाचता आला पाहिजे. रिकामी जागा ठेवायला भ्यायचं नाही. गिऱ्हाइकानं सांगितलेलं सगळं लिहिलं तर कोणीच काही वाचत नाही. रंग तीनच्या वर गेले की जत्रा होते. मला हे सगळं मोबाइलविषयी आहे असं वाटायला लागलं.

त्यानं पळती अक्षरं काढली. आकडा काढला. रांग काढली. माझा लेख काढताना माझ्याकडं पाहिलं.

"ठेवू काय एखादी ओळ?"

"नको."

"एक दे ना. नाई तं मागून राग धरशीन."

मी एकच ओळ दिली: 'ही अक्षरं माझ्या बाबांनी काढली.' ती त्यानं पहिल्या पानावर ठेवली, मोठ्या अक्षरात.

आता वेबसाइट अशी होती. काळं पान. मध्ये एक भिंत, भिंतीवर एक शब्द. बटण नाही, यादी नाही. पानावर कुठंही बोट लावलं की पुढची भिंत. काठावर काहीच नाही, कारण बाबांना काठ नव्हता. फोटो इतके हलके केले, की सत्यभामाबाईंच्या जुन्या मोबाइलवरही ते लगेच उघडायचे. प्रत्येक पान तो स्टुलावर ठेवायचा, दोन पावलं मागं यायचा, नळी लावायचा. नळीत मावलं की पास.

पौषातल्या एका दुपारी आम्ही मोबाइल घेऊन घरी गेलो. अंगणात कडुलिंबाखाली बाबांची बाज होती. भाऊनं स्टूल दोन पावलांवर ठेवलं आणि माझ्या ओळीचं पान पुढं सरकवलं. लांबचं त्यांच्या पाइपात जास्त मावतं.

"दिसून राह्यलं काय, बाबा?"

बाबांनी मान जराशी हलवली, थांबवली. मग तोंडभर हसले.

"कापूस."

पुढची भिंत.

"दवाखाना. त्या डॉक्टरनं सांगतलं, लाल रंग जास्त घाल, लोकं घाबरून लवकर येतीन."

पुढची. त्या पुढची. प्रत्येक भिंतीचा एक माणूस होता, एक शिडी होती, एक भाकर होती. 'स्वागत' आलं तेव्हा हवेत बोटानं त्यांनी 'स' काढला, वरून खाली. सत्यभामाबाई शेंगा सोलायच्या थांबल्या होत्या. लिंबाची पिवळी पानं पडत होती, पण आवाज येत नव्हता. मला वाटलं, हे संपूच नये.

अकरावी भिंत संपली.

बाबा वाट पाहत होते.

"अन् माहं नाव?"

भाऊ म्हणाला, "हाय ना बाबा. परतेक भिंतीवर हाय."

"कुठी?"

"कोपऱ्यात. उजवीकडं, खाली."

भिंतींवरचं बारीक नाव पावसानं कधीच गेलं होतं. भाऊनं ते ब्रशनं कागदावर नव्यानं लिहून, फोटो काढून, प्रत्येक पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बसवलं होतं. पेंटरचा हात. बोर्ड झाला की तो आपोआप त्या कोपऱ्याकडं जातो. नळीतून त्यानं सगळं तपासलं होतं. फक्त कोपरा नळीत येत नव्हता. मीही रोज पाहत होतो. माझ्याही लक्षात आलं नाही.

बाबा हळू म्हणाले, "मले आता कोपरे नाईत, बापू."

भाऊचा चेहरा उतरला. त्यानं स्टुलावरून मोबाइल उचलला.

"दोन मिंटं थांबा. मधात घेतो. मोठं करतो."

"मधात?" बाबा एकदम ताठ बसले. "पेंटरचं नाव मधात असते काय बे? भिंत कोनाची हाय?"

"मंग तुमाले दिसन कसं?"

"आन इकडे."

"मधात घेऊ द्या ना त्याले," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आता कोन गिऱ्हाइक भांडाले येते?"

"तू शेंगा सोल."

त्यांनी मोबाइल दोन्ही हातांत घेतला आणि नाकापासून वीतभर अंतरावर धरला. डोळे स्थिर ठेवले. मान हलू दिली नाही. मग मोबाइलच सरकवायला लागले. थोडा डावीकडं. थोडा वर. पुन्हा डावीकडं. हात असा चालला होता, जसा भिंतीवर चालायचा असेल. घाई नाही, थरथर नाही. भाऊनं मदतीला हात पुढं केला आणि मागं घेतला.

सरकवताना त्यांचा अंगठा पानाला लागला. भिंत बदलली. परत लागला, परत बदलली. नेर गेलं, घाटंजी आलं, महागाव आलं. बाबांना त्यातलं काही दिसत नव्हतं. भिंती मागं बदलत होत्या आणि कोपरा तिथंच होता.

हात थांबले.

"उकंडा," त्यांनी वाचलं. मग बऱ्याच वेळानं, "पेंटर."

भाऊ बाजेच्या कडेला बसला. बाबांनी मोबाइल केसभर आणखी सरकवला, पुढचा शब्दही पाहून घेतला आणि मान वर न करता म्हणाले,

"नेरच्या 'र'ले शेपूट लांब ओढलं तू. ब्रश आन."