गेरूची रेघ

माझी जाऊ बानूबाई म्हंजी एक नंबरची हट्टी. मेंढरं इकून आमी वरकुट्यात थारलो त्याला लई वर्सं झाली. तवापास्नं ही वाकळा शिवती. चष्म्याबिगर सुईत दोरा ववायची आन वर मलाच हिणवायची, "झुंबर, तुजं डोळं गेलं का गं म्हातारे?"

तिची मनिषा पुण्याला नागिणीच्या रोगावर शिकती, हर्पिस म्हणत्यात त्याला. दिवाळीत आली तवा आईला सांगत हुती, "विषाणूचे सगळे भाग आपल्याच पेशीत तयार होतात. त्याच्या वरच्या पापुद्र्यात एक प्रथिन असतं, ते हे भाग गोळा करून बांधतं. ते काढून टाकलं की भाग नुसते पडून राहतात, नवा विषाणू होत नाही."

बानूबाईनं मांडीवर थाप मारली. "आगं, सासूबाई ह्येच सांगायच्या! नागिणीचं तोंड-शेपूट जुळू द्यायचं न्हाय. जुळलं की माणूस गेलं!"

आमी समद्या हसलो. पोरगीबी हसली.

उन्हाळ्यात बानूबाईच्या डाव्या कपाळावरच नागीण उठली. आग सोसवंना, भिताडाला कपाळ लावून बसायची. मी म्हणलं, "बारामतीला डॉक्टरकडं चल." तर म्हणती कशी, "नागीण कमरंला येटोळं घालती. कपाळावर कुठनं जुळंल? आमची शिकल्याली पोरगी काय म्हणली, ऐकलं न्हाय का?" आन कपाळापास्नं नाकाच्या शेंड्यापतूर मधोमध गेरूची रेघ वढली. फोड रेघ वलांडून उजवीकडं आलं न्हाईत, तर बाई खूश! पोरीचा अभ्यास मोडंल म्हणून फोनबी करू दिला न्हाय. डोळा सुजून मिटला, तरी आपला गेरूच.

शेवटी वढून नेली. डॉक्टर म्हणाले, "हा रोग एका बाजूच्या नसेतूनच येतो, तो रेघेला घाबरत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत आणलं असतं तर डोळा वाचला असता." असला राग आला मला! तिचा का माझा, कुणाला ठावं.

मनिषा धावत आली. आईच्या डाव्या बुबुळावर पांढरी साय धरलेली. बानूबाईनं तिचा हात धरला आन हौसेनं म्हणाली, "बघ, तू सांगितलंस तसंच केलं. जुळू दिली न्हाय."

पोरगी म्हणाली, "चांगलं केलंस, आई." आन घरामागं जाऊन वढणी तोंडात कोंबून रडली.

हितं बानूबाई सुईत दोरा ववत हुती. दोरा दर बारीला सुईच्या बाजूनं जायचा.