झिंबुल

लहानपणी मी आणि माझ्या धाकट्या बहिणीनं दोघींपुरती एक भाषा बनवली होती. त्यातला 'झिंबुल' हा शब्द आम्हाला शाळेच्या कार्यक्रमात मिळाला. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि माईकमधून 'झिंऽबुल' असा आवाज आला. आम्ही इतक्या हसलो की बाईंनी वर्गाबाहेर काढावं तसं मैदानाबाहेर काढलं. तेव्हापासून झिंबुल म्हणजे 'मला हसू येतंय, माझ्याकडे बघू नकोस.'

पुढे खर्ड्याहून बहिणीला बघायला पाहुणे आले. मुलाच्या मामांनी विचारलं, "स्वयंपाकात काय काय येतं?" त्यांच्या मिशीत पोह्यांवरचं खोबरं अडकलं होतं. बहीण मान खाली घालून पुटपुटली, "झिंबुल."

"हे काय असतं?" मामांनी मला विचारलं.

"गोड असतं," मी कसंबसं म्हणाले.

मुलगा गंभीरपणे म्हणाला, "आपल्याकडं बी करत्यात की, मामा. लई भारी लागतं."

बहीण पदर तोंडाशी धरून आत पळाली, मागोमाग मी. ओट्याला टेकून आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. पाहुण्यांना वाटलं, मुलगी लाजली. लग्न ठरलं.

साखरपुड्याला मामांनी झिंबुल मागितलंच. आम्ही घाईघाईनं रवा, केळी आणि गूळ एकत्र घाटला. त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

परवा बहिणीकडे गेले, तर तिच्या सासूबाई मलाच समजावत होत्या, "झिंबुलात वेलदोडा शेवटी घालायचा, न्हाईतर वास उडतो."