नथ्थू पाटलांचा उजवा हात

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी मनावर घेतल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. नागपूरला डॉक्टरकी शिकलो आणि बुऱ्हाणपुरात दवाखाना टाकला. मध्य प्रदेशची राजधानी नुकतीच नागपूरहून भोपाळला गेली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट.

जवळच्या निंबोला गावचे नथ्थू पाटील, कपाशी-केळीवाले. लकवा मारला आणि त्यांचा उजवा हात पार गेला. मी सायकलवर जाऊन तपासायचो... खांदा उचला, कोपर वाकवा, माझं बोट दाबा. काही नाही! हात बाजेवर नुसता पडलेला. त्यांची बायको सुपडाबाई दर वेळी विचारायची, "डाक्टरसाब, हात येईन ना?"

एका दुपारी मी दुसरी तपासणी घेतली. रोग्याने डोळे मिटायचे, आपण त्याचा अंगठा वर किंवा खाली करायचा, आणि कुठे नेला ते त्याने सांगायचं. दोनदा त्यांना सांगता आलं नाही. मी हात खाली ठेवला, बॅगेतून टाचणी काढायला वळलो.

"डाक्टरसाब, इतका जोरानं नका धरू."

मी वळून पाहिलं. हाताजवळ कोणीच नव्हतं.

"कुठे धरलंय?" मी विचारलं.

"मनगटाले. ओढून राह्यले ना तुम्ही..."

मनगटावर चार खळगे पडले होते. बोटं रुतल्यावर पडतात तसे, मधोमध पांढरे. माझ्या डोळ्यांदेखत ते खोल होत गेले. आणि तो मेलेला हात बाजेवरून हळूहळू दाराच्या दिशेने सरकायला लागला. त्यामागे अख्खं शरीर... पाटील ओरडायला लागले. मी खांदा धरून मागे ओढलं, पण मला ते ओढणं झेपेना.

सुपडाबाई चुलीपासून धावत आली. तिने पाहिलं, आणि नवऱ्याकडे न बघता दाराकडे तोंड करून हात जोडले.

"यायले सोड. मले ने."

एवढंच. हात धपकन खाली पडला. खळगे भरून आले. आणि पाटलांनी करंगळी हलवली!

पुढे हात झपाट्याने सुधारला. पेला उचलता आला, घास तोंडाशी नेता आला. गावात माझं नाव झालं. सुपडाबाईने मात्र पुन्हा कधी काही विचारलं नाही. मी तपासत असताना ती दारात बसून राहायची.

कपाशी वेचणीला आली तेव्हा निरोप आला. सुपडाबाईला लकवा. उजवा हात. मी घाईने पोचलो, हात उचलून पाहिला — जड, थंड.

"दुखतंय का?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही कायले मेहनत करता डाक्टरसाब? म्या कबूल केलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिला ब्लडप्रेशर असेल, पाटलांचा हात आपोआप सुधारला असेल. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय. पण ते खळगे मी पाहिलेत. ती ओढ माझ्या दोन्ही हातांनी अनुभवलीय. दारात कोण होतं, आणि तिला ते कसं कळलं... मला आजही सांगता येत नाही.

मूलबाळ नव्हतं. अग्नी नथ्थू पाटलांनीच दिला, उजव्या हाताने. जमलेले लोक मला म्हणाले, "डाक्टरसाब, कमाल केली तुम्ही."