दहावा फर्मा

दाभणकाकूंना पुस्तकं वाचायला सवड म्हणून कधी झाली नाही, कारण त्या दिवसभर पुस्तकांतच बुडालेल्या असायच्या. आचाऱ्याची भूक वासानेच मरते म्हणतात, तशातली गत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं बायंडिंगचं काम चाले. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर सुरी, पोलादी पट्टी, खळीचं पातेलं आणि कोपऱ्यात स्क्रू फिरवून आवळायचा शिकंजा. काम मूळचं सासऱ्यांचं. मुलाने, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, पुठ्ठ्याला कधी हात लावला नाही. त्यांना बसचं स्टिअरिंग आवडलं. मग सुनेनेच दाभण उचललं. पुस्तकं शिवायची ती जाड सुई काम झालं की त्या अंबाड्यात खोचून ठेवत, आणि एकदा तशाच एका लग्नाला जाऊन आल्या. तेव्हापासून हे नाव पडलं ते पडलंच.

सासऱ्यांचे हात आता थरथरत. जीभ मात्र थरथरत नसे. खुर्चीत बसून ते सुनेच्या कामावर नजर ठेवत आणि दिवसातून एकदा तरी म्हणत, "पान गेलं की बायंडरचं नाक गेलं, सूनबाई." पेठेतल्या वाचनालयाची सगळी पुस्तकं पूर्वीपासून याच घरात शिवली जात. आता चौकात यंत्रावर बायंडिंग करणारं नवं दुकान निघालं होतं, आणि पुढच्या कपाटांचं काम कोणाला द्यायचं हे ग्रंथपालबाई या महिन्यात ठरवणार होत्या.

बुधवारी सकाळी काकूंना एक जाडजूड नकाशांचं पुस्तक दाबून ठेवायचं होतं. त्यासाठी त्यांनी फळीवरची कोळशाची जुनी इस्त्री उचलली. इस्त्री म्हणून तिची सेवा कधीच संपली होती. वजन म्हणून अधूनमधून उपयोगी पडे. तिच्याखाली सोळा पानांची एक घडी होती. छान सपाट झालेली, फाटलेल्या पानाला पातळ कागदाची पट्टी लावलेली. पहिल्या पानाच्या तळाला बारीक आकडा होता, दहा.

काकूंनी इस्त्री तशीच खाली ठेवली.

पुस्तक सुट्या एक-एक पानाचं बनत नाही, सोळा-सोळा पानांच्या घड्यांचं बनतं. त्या घडीला फर्मा म्हणतात. हा फर्मा होता दीड महिन्यापूर्वी शिवून दिलेल्या एका कादंबरीचा. फाटलेलं पान सांधून त्यांनी तो सुकायला ठेवला होता, आणि मग विसरल्या होत्या. पण शिवण्याआधी फर्मे मोजले होते की! एकोणीस हवे होते, एकोणीसच भरले होते. त्या टेबलाशी उभ्या राहून मनातल्या मनात पुन्हा मोजू लागल्या आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला. पुठ्ठ्याला आतून चिकटवायचा कोरा दुमडलेला कागद, ज्याला अस्तर म्हणतात, तो त्यांनी त्या दिवशी आधीच गठ्ठ्यावर ठेवला होता. अठरा फर्मे आणि एक अस्तर. हात मोजत होते आणि डोकं दुधाच्या पातेल्याकडे होतं.

"काय गं, काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही, इस्त्री जड लागली."

त्या दिवशी काकूंनी भाजी करपवली आणि दुपारी दार लावून तो फर्मा वाचला. इतक्या वर्षांत शिवायच्या पुस्तकातली सलग सोळा पानं त्यांनी पहिल्यांदाच वाचली असतील. घड्याळं दुरुस्त करणारा एक भाऊ होता आणि त्याची थोरली बहीण. भाऊ दुसऱ्या गावी एक घड्याळ पोचवायला जातो, गिऱ्हाइकाच्या जिन्यावरून पडतो, पाय मोडतो. दोन महिने त्या परक्या घरातच पडून राहतो. भांडून तोंड न बघणारी बहीण धावत येते, त्याची उस्तवार करते, आणि एका दुपारी त्याची नखं कापता कापता दोघं जुनं सगळं बोलून मोकळी होतात. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आठवलं की हे वाचनालयाच्या पुस्तकात नाहीच, आपल्या हातात आहे. मग दुसऱ्या कारणाने पाणी आलं.

रडून झाल्यावर बेत शिजला. वाचनालयात जायचं, "त्या कादंबरीची शिवण सैल वाटते, जरा बघते," म्हणून पुस्तक परत आणायचं, गुपचूप उसवून फर्मा आत घालायचा. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. सासऱ्यांनाही कळायला नको.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. शिवून झालेली आठ पुस्तकं पिशवीत आणि खाली तपकिरी कागदात गुंडाळलेला फर्मा, अशा त्या चार वाजता वाचनालयात पोचल्या. गुरुवारी चारला तिथे ‘सध्या काय वाचताय?’ ही बैठक असे. खुर्च्या गोल मांडायच्या, वाचत असलेलं पुस्तक हातात घेऊन बसायचं आणि त्यातलं काय आवडलं ते सांगायचं. नियम एकच, शेवट फोडायचा नाही. जो फोडेल त्याने शेवटी सगळ्या खुर्च्या उचलायच्या.

"या काकू, बरोबर वेळेवर आलात," ग्रंथपालबाई म्हणाल्या. बाई नाकासमोर चालणाऱ्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. "पुस्तकं ठेवा आणि बसा घटकाभर."

"नाही, मला फक्त ती घड्याळवाल्याची कादंबरी हवी होती. शिवण..."

"ती पोस्टमास्तरांकडे आहे, आज तिच्यावरच बोलायचंय. तुमच्याकडून आल्यापासून तिघांनी वाचली. बसा हो, तुम्हीच शिवलेली आहे."

काकू बसल्या. पिशवी मांडीवर घट्ट.

समोर निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि हातात ती कादंबरी. त्यांच्या एका बाजूला दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, दुसऱ्या बाजूला कोपऱ्यावरचे औषधवाले. काकूंनी मोठ्या आशेने मनात म्हटलं, तिघांनी वाचली आणि तिघांपैकी कोणी तक्रार केली नाही. आभाळ काही फाटलं नाही.

"मला तर बाई फारच आवडली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विशेषतः मधे तो भाऊ एकदम लंगडत येतो ना, ते. आदल्या पानावर एवढं कडाक्याचं भांडण, आणि पुढच्या पानावर दोघं शांतपणे चहा पितायत. का लंगडतो, काही खुलासा नाही. मला वाटतं ते प्रतीक आहे. दुखावलेल्या नात्याचं."

"प्रतीक कसलं?" औषधवाले म्हणाले. "बहिणीने ढकललं असणार त्याला. माझ्या दुकानात येतात अशी माणसं. मलम मागतात, कारण सांगत नाहीत."

हशा पिकला. काकूंना हसू येईना. त्या जागी वाक्य नेमकं पानाबरोबर संपलं होतं आणि पुढचं पान नव्या परिच्छेदाने सुरू झालं होतं. पानांचे आकडे अगदी तळाला. कडा कुरतडलेल्या म्हणून कापताना हात सढळ सुटला होता, त्यात तेही उडाले होते. चुकीने चुकीवर पांघरूण घातलं होतं. काकू गप्प राहिल्या तर जन्मात कोणाला पत्ता लागला नसता.

"मास्तर, तुम्ही सांगा," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "मागच्या गुरुवारी तुम्ही त्या जागेवर छान बोलला होतात. मौनाची ताकद म्हणून."

"हो. बोललो होतो खरा," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पुस्तक अर्धवट उघडलं.

काकूंची नजर त्यांच्या हातांवर गेली. फर्मा सुटल्याची जागा त्यांना बाहेरून दिसत होती, आणि मास्तरांचा अंगठा नेमका तिथे होता. पानं तिथे मळली होती. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, खोडलेल्या, पुन्हा केलेल्या. एकदा वाचून पान इतकं मळत नाही.

"तुम्हाला दोघांनाही," मास्तरांनी हळूच विचारलं, "तिथे खरंच काही खटकलं नाही ना? म्हणजे सलग वाटलं ना?"

"अगदी सलग," डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या.

"पाण्यासारखं," औषधवाले म्हणाले, आणि छताकडे बघू लागले.

"हं. मग ठीक आहे," मास्तर म्हणाले. पण त्यांचा चेहरा असा पडला की काकूंना बघवेना. ठीक आहे म्हणणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. डॉक्टरांनी कागद बघून मान हलवली की समोरच्याचा होतो, तसला होता.

नाक गेलं तर जाऊ दे, असं काकूंना वाटलं, की काही न वाटताच त्या उठल्या, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. तपकिरी कागद सोडून त्यांनी फर्मा मास्तरांच्या हातातल्या पुस्तकावर ठेवला.

"सलग नाहीये ते, मास्तर. सोळा पानं नाहीतच तुमच्या पुस्तकात. ही बघा. माझ्या फळीवर राहिली. चूक माझी आहे, लेखकाची नाही आणि तुमची तर नाहीच नाही."



मास्तरांनी पानं उलटली. एकशे पंचेचाळीस. एकशे शेहेचाळीस. मग त्यांनी चष्मा काढला.

"ताई," ते म्हणाले, "तीन आठवडे झाले. रोज सकाळी मी हे पान वाचतोय आणि रोज वाटतंय की मधलं काहीतरी आपण वाचलं आणि विसरलो. माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी पुस्तकातलं, मग घरातलं, शेवटी माणसं. परवा मुलीला फोन लावला होता, म्हणणार होतो, मला एकदा दाखवून आण गं. धीर झाला नाही." त्यांनी नाक शिंकरलं. "म्हणजे मी ठणठणीत आहे!"

"मग ते मौनाची ताकद?" औषधवाल्यांनी विचारलं.

"अहो, कळलं नाही की माणूस मोठं बोलतो! तुम्ही तर पाण्यासारखं म्हणालात."

"मला वाटलं मी पेंगलो त्या जागी. दुकानात वाचतो मी, गिऱ्हाइकं येतात मधेमधे."

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर रुमाल धरला होता. आतून हसण्याचा आवाज येत होता. "मी म्हटलं, कॉलेजात दात सोडून काही शिकलो नाही आपण, साहित्य आपल्याला कळायचं नाही. प्रतीक म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही!"

तिघंही इतकी हसली की शेजारच्या पेपर वाचणाऱ्या आजोबांनी दोनदा खाकरून पाहिलं. काकू मात्र उभ्याच होत्या, आणि ग्रंथपालबाईंकडे बघत होत्या.

"बाई, काम नव्या दुकानाला दिलंत तरी माझं काही म्हणणं नाही," काकू म्हणाल्या. "पण हे पुस्तक तेवढं मला नीट करून देऊ द्या."

"नव्या दुकानाकडून मी दहा पुस्तकं नमुन्याला करून घेतली," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "एकात चार पानं उलटी आहेत. दाखवली तर म्हणतात, छापखान्यातूनच तशी आली असतील. पंधरा दिवस तेच चाललंय." त्यांनी चष्मा वर ढकलला. "चूक सगळ्यांकडून होते, काकू. पण ती पिशवीत घालून स्वतः घेऊन येणारं माणूस मी आजच पाहिलं. पुढची दोन कपाटं तुमच्याकडेच येतील. फर्मे मात्र दोनदा मोजा."

"तीनदा मोजीन," काकू म्हणाल्या, आणि खुर्चीत अशा बसल्या की खुर्ची करकरली. तेव्हा त्यांना कळलं की कालपासून आपण चहासुद्धा धड प्यालो नव्हतो.

"आता पानं वाचून दाखवा," मास्तर म्हणाले. "तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही काय झालं ते."

काकूंना चारचौघांत वाचायची सवय नव्हती. पहिलं पान अडखळत गेलं, पण जिन्यावरून पडायची जागा आली तसा आवाज मोकळा झाला. नखं कापायच्या प्रसंगाला औषधवाल्यांनीच डोळे पुसले. "ढकललं नव्हतं तर," ते पुटपुटले, "उगाच बिचारीवर आळ घेतला."

घरी आल्यावर काकूंनी पिशवी टेबलावर ठेवली आणि सासऱ्यांपुढे सगळं एका दमात सांगून टाकलं. म्हातारबुवांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अस्तर धरून मोजलंस," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"दुसरं काय असणार? उतावळ्या बायंडरला अस्तरही फर्माच वाटतं. माझ्या उस्तादांनी याच चुकीसाठी माझ्या पाठीत पट्टी घातली होती." मग त्यांनी विचारलं, "पण चारचौघांत जाऊन सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"मग नाक आहे जागेवर. चहा टाक, मलाही दे."

शुक्रवारी काकूंनी पुस्तक सगळं उसवलं. जुनी खळ खरवडली, एकोणीस फर्मे तीनदा मोजले, अस्तर मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवून. मग नव्या दोऱ्याने शिवलं, खळ लावली, पुठ्ठा चढवला आणि शिकंज्यात आवळलं. शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला दार वाजलं. दारात मास्तर होते. त्यांच्यामागे डॉक्टरीणबाई. जिन्यावरून औषधवाल्यांच्या धापा ऐकू येत होत्या.

"मी आधी सांगून ठेवलं होतं," मास्तर म्हणाले. "पहिल्यापासून वाचायचंय मला, आता कळून."

"तुमचं तर जवळजवळ पाठ आहे, मास्तर! माझा दवाखाना आज बंद आहे, मला द्या."

"दुकान उघडं टाकून आलोय मी," औषधवाले म्हणाले, "माझा विचार करा."

"गलका करू नका," सासरे खुर्चीतून म्हणाले, आणि खूप दिवसांनी त्यांच्या दारात गिऱ्हाइकांचं भांडण लागलं होतं म्हणून त्यांचा चेहरा फुलला होता.

काकू शिकंज्याच्या आणि त्या तिघांच्या मधे उभ्या राहिल्या, हाताला खळ तशीच.

"कोणीही हात लावायचा नाही. ओलं आहे अजून. दुपारी तीनला या, आणि कोण आधी नेणार ते जिन्यावर ठरवून या."