एका ओळीचा हुळा

मनोहररावांच्या नावावर वीतभरही जमीन नव्हती, पण बोलताना ते नेहमी "आमचं वावर" म्हणत. वावर सरकारी होतं, नागपूरबाहेरच्या संशोधन केंद्राचं, आणि मनोहरराव तिथले मुकादम. नागपुरातल्या नंदनवन वस्तीतून सायकल हाणत जायचे आणि पोचल्या पोचल्या मजुरांवर डाफरायला सुरुवात करायचे. मोठेपणाची भारी हौस.

बहात्तरच्या दुष्काळात केंद्राच्या साहेबांनी गावोगावचं हरभऱ्याचं जुनं बी जमवलं. एकेका गावाची एकेक ओळ पेरायची, पाण्याचा थेंब द्यायचा नाही आणि कोण तग धरतं ते बघायचं. जे तगेल त्याच्यापासून कोरडवाहू शेतीसाठी नवं वाण काढायचं, असा बेत होता. काटोलकडच्या एका खेड्यातून मनोहररावांनी जिजाबाईचं बी आणलं. तिच्या सासूच्या सासूपासून ते मडक्यात, राखेत जपलेलं. त्या वर्षी घरात खायचेच वांधे, त्यामुळे मडक्यात मूठभरच उरलं होतं. तीही मूठ तिनं मनोहररावांच्या पंच्यात ओतली. "पेरा, पन माह्यं बी मले वापस आनून द्या," एवढंच म्हणाली. मनोहररावांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. शब्द द्यायला त्यांचं काय जात होतं!

माघात लेकीचं, प्रेमिलाचं, लग्न ठरलं आणि खापरखेड्याचे व्याही वावर बघायला आले. वीजकेंद्रात नोकरी करणारी मंडळी, त्यांना मातीचं अप्रूप. आता पाहुणा हरभऱ्याच्या वावरात आला आणि त्याला हुळा चारला नाही, तर आपल्याकडे नाक कापलं जातं. हिरव्या घाट्यांसकट झाड उपटायचं, पऱ्हाट्यांच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर भाजायचं आणि गरम गरम सोलून खायचं. पण यंदा हिरवं होतंच कुठे? साऱ्या ओळी करपून गेल्या होत्या. मधली एकच तेवढी हिरवी, घाट्यांनी लगडलेली. ती जिजाबाईची, हे मनोहररावांना पाटी न वाचताही ठाऊक होतं. साहेब दौऱ्यावर होते. चारच झाडं घेऊ, असं त्यांनी मनाशी म्हटलं. चाराची आठ झाली, व्याही वाखाणत राहिले, आणि सगळ्यांची बोटं काळी होईस्तोवर ओळ संपली.

साहेब परतले तेव्हा मनोहररावांनी सगळं रानडुकरांवर ढकललं. साहेब मटकन बांधावर बसले. एवढ्या गावांच्या बियाण्यात तीच एक तगली होती, म्हणाले. हिची मुळं खोल जात असणार, आता ती कुठून आणायची? मनोहररावांना त्यांच्याकडे बघवेना.

पुढे जिजाबाई बी मागायला आली. मनोहररावांनी कोठारातलं दुसरंच बी तिच्या पदरात घातलं. दाणा दिसायला सारखाच होता. तिनं त्यांना आणि त्यांच्या लेकराबाळांना तोंडभरून आशीर्वाद दिला. तो ऐकताना त्यांच्या अंगाची आग झाली आणि ते मजुरांवर डाफरायला वळले.

पुढच्या हंगामात जिजाबाई पुन्हा आली. तिच्याकडचा हरभरा घाटे धरायच्या आतच वाळून गेला होता. आधी दिलेल्या मुठीतले दोन दाणे इथे राहिले असतील तर द्या, म्हणून आली होती.

"बी तं आमच्या सासूचंच," ती म्हणाली. "मीच कायतरी पाप केलं असन. माह्याच हाताले बरकत रायली नाई."

मनोहररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोट्या डुकरांपासून खोट्या बियांपर्यंत त्यांनी सगळं सांगून टाकलं. "मावशी, तुमचं बी मी भाजून पाव्हण्यायले चारलं. मीबी खाल्लं."

ती शिव्या देईल म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरंच वाटलं असतं. पण पाहुण्यांची विचारपूस करावी तशा आवाजात जिजाबाईनं विचारलं, "गोड लागला का गा त्यायले?"

आता खोटं बोलायचं तोंड उरलं नव्हतं.

"लागला," मनोहरराव म्हणाले आणि पंच्यात तोंड लपवून खाली बसले.