सलीमची काडी

भुताखेतांचे किस्से ऐकले की मी आजवर हसत आलोय. बुलढाण्यात माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दिवा आपोआप लागला की लोक अंगारा लावतात, मी स्विच उघडून बघतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय… पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना.

आमचा एक बँड आहे — ‘अशनी’. लग्नातला नव्हे. हे आम्हाला जन्मभर सांगावं लागलं. कॉलेजात असताना लोणारच्या विवराकाठी बसून आम्ही चौघांनी तो काढला. स्पेस रॉक म्हणतात त्या प्रकाराला. एकच ठेका अर्धा-अर्धा तास, घुमणारी गिटार, आणि खाली कीबोर्डचा एक सूर सतत लावलेला. ऐकणाऱ्याला वाटायला हवं, आपण जमिनीवरून सुटलो. सुलतानपूरच्या एका म्हाताऱ्याने कार्यक्रमानंतर विचारलं होतं, “बाकी सगळं ठीक हाय, पण गाणं कवा सुरू होनार होतं?”

पुढे कोणी बँकेत लागलं, कोणी पुण्याला गेलं. गिटारवाले तर इतके बदलले की काहींची नावंही आता आठवत नाहीत. पहिल्यापासून टिकलो दोघंच — ड्रमवर मी आणि कीबोर्डवर धाड गावचा सलीम.

सलीमचे वडील कव्वालीत पेटी वाजवायचे. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या फटीत बांबूची काडी खोचली की पट्टी दबलेली राहते आणि सूर चालू राहतो. सलीमने तीच वडिलांची काडी कीबोर्डला लावली. आमचं शेवटचं गाणं तिच्यावरच संपायचं : सलीम काडी काढणार, सूर थांबणार, मग मी थांबणार.

आणि आमच्यात एक रीत आहे. जो बँड सोडतो तो एक शेवटचा कार्यक्रम करतो. नवा माणूस त्याच्या मागे उभा राहतो. गाणं चालू असतानाच जुना उठतो, नवा बसतो. जाताना जुना आपली वस्तू नव्याच्या हातात देतो. एकदा दिली की तो पुन्हा स्टेजवर चढत नाही.

मागच्या वर्षी सलीमला लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. काडी त्याच्या शर्टाच्या खिशातच राहिली. मी ती मागितली नाही. मागितली असती तर तो गेला, असं झालं असतं… आणि तो परत येणार, हे मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो. त्याच्या जागी स्नेहाला घेतलं. ती चिखलीला शाळेत शिकवते, हात फार गोड आहे तिचा. पण “तात्पुरती हां,” असं मी तिला दर कार्यक्रमाला ऐकवायचो. ती काडीऐवजी कागदाची घडी खोचायची. सलीमला तिच्याबद्दल मी एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्याच्या बायकोला, भाभींनाही नाही.

या हिवाळ्यात जळगाव जामोदला एका शाळेच्या मैदानावर कार्यक्रम होता. दिवस मावळत होता, सातपुडा अजून दिसत होता. शेवटच्या गाण्यात स्नेहाने घडी काढली.

सूर थांबला नाही.

तिने आवाज शून्यावर आणला. माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले. सूर चालूच… आणि हलके हेलकावे घेत होता. सलीम पायाच्या पेडलने सुराला तसे झोके द्यायचा. स्नेहाला तो पेडल जमत नाही, म्हणून आम्ही तो आणतही नाही. पण ठरलं ते ठरलं, सूर आहे तोवर मला थांबता येत नव्हतं. मला भीती वाटत होती, हे कबूल करतो.

तेवढ्यात स्नेहा स्टुलावरून उठली आणि स्टुलामागे जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने सूर मंदावत गेला. ती पुन्हा बसली, पट्टीवर बोट ठेवून तोच सूर पुढे नेला आणि तिनेच संपवला.

खाली उतरल्यावर मी तिच्यावर जवळजवळ ओरडलोच — काऊन उठली? ती रडायच्या बेतात होती. “मालूम नाही दादा. मले जागा द्यावीशी वाटली.”

मी तिथूनच धाडला फोन लावला. माझ्या मनात नको ते आलं होतं. भाभी म्हणाल्या, सलीम बरा आहे. मग आवाज खाली करून म्हणाल्या, “भाऊ, आज दिवस बुडताना यांचा उजवा हात चालून राह्यला होता. चादरीवर. मंग डाव्या हातानं शर्ट मागितला अन् काडी काढली. सोडूनच नाही राह्यले.”

दुसऱ्या दिवशी स्नेहाला घेऊन धाडला गेलो. सलीम उशीला टेकून बसला होता. उजवा हात पहिल्यासारखाच निर्जीव. डाव्या मुठीत काडी. स्नेहा दाराशीच घुटमळत होती, ती कोण हे मी अजून सांगितलंही नव्हतं. सलीमने मूठ उघडली. मी घाईने हात पुढे केला.

त्याने मान हलवली. नाही. आणि माझ्या हातावरून हात नेऊन काडी स्नेहासमोर धरली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. तिने काडी घेतली आणि त्याच्या पाया पडली.

कीबोर्ड मी स्वतः खोलून पाहिला, काही बिघाड नाही. डॉक्टर म्हणतात, गेलेला हात असा कधीकधी हलतो. हलत असेल. पण समोर उभी असलेली ती बाई कोण, हे त्याला कोणी सांगितलं? तुम्हाला सुचलं तर जरूर सांगा.

सलीम अजून आहे, दर रविवारी मी जातो. बाजारात लोक अजून विचारतात, सलीमभाई परत कवा बसनार? आधी मी लगेच उत्तर द्यायचो.