मागची ट्रॉली

नोकरीत किती पंचनामे लिहिले याची मोजदाद नाही. पण एक पंचनामा मी चुकीचा लिहिला, आणि नेमका तोच अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी फौजदार होतो आणि शिरूर-दौंडच्या हद्दीला लागून असलेलं एक लहान ठाणं माझ्याकडे होतं. हद्द लांबलचक, माणसं थोडी, जीप एक, आणि तीही धक्का दिल्याशिवाय सुरू व्हायची नाही. साखर कारखान्यांचे हंगाम सुरू झाले की रस्त्यावर ऊस आणि माझ्या टेबलावर अपघात, दोन्ही बरोबरच वाढायचे.

न्हावऱ्याकडून येणारा रस्ता ज्या फाट्यावर मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथं त्या वर्षी मधोमध एक बेट बांधलं होतं. कागदावर ते 'वाहतूक बेट'. लोक त्याला ओटा म्हणायचे, कारण संध्याकाळी त्यावर चार म्हातारे पाय सोडून बसायचे. गाड्यांनी वेग कमी करावा हा हेतू. पण ओटा झाला आणि त्याच्या डाव्या अंगाची वाट चिंचोळी झाली. उजवीकडे ओट्याचा कठडा, डावीकडे कडेचे दगड. एक ट्रक जाईल एवढीच जागा. ट्रक आणि सायकल दोन्ही त्यात मावत नाहीत, हे आंधळ्यालाही कळेल. तरी आमचे चालक काय करायचे? पुढं ओटा दिसला की सायकलवाल्याला ओट्याच्या आधीच गाठायची घाई. पन्नास पावलं सायकलच्या मागं राहिलं तर काय कमीपणा येतो, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी आठच्या सुमाराला फाट्यावरून फोन आला. टेम्पोनं दूधवाल्याला उडवलं, लोक टेम्पोवाल्याला मारतायत, लवकर या. जीपला धक्का मारून आम्ही निघालो.

जाऊन बघतो तर रस्ता दुधानं पांढरा झालेला. कडेच्या दगडांपाशी सायकल दुमडून पडली होती, दोन कॅन दोन दिशांना. दूधवाला म्हणजे साठी उलटलेला शेतकरी, सगळे त्याला आबा म्हणायचे. तीस वर्षं रोज सकाळी सायकलच्या कॅरिअरला दोन्हीकडे कॅन लटकवून तो डेअरीला दूध घालत होता. आता तो बेशुद्ध होता, आणि होता कुठं, तर टेम्पोच्या मागच्या हौद्यात, झेंडूच्या गाठोड्यांवर. त्याला तिथं टेम्पोवाल्यानंच उचलून ठेवला होता. पण टेम्पो सुरू करायच्या आत आबाचा मुलगा आणि गावकरी पोचले आणि टेम्पोवाल्याला खाली ओढला.

हा टेम्पोवाला चाळिशी उलटलेला. पिढ्यान् पिढ्या त्याच गावात राहिलेल्या मुसलमान घरातला. त्या पट्ट्यातली फुलं आणि भाजी पुण्याच्या बाजारात न्यायचा, लहानथोर सगळे त्याला चाचा म्हणायचे. आबाच्या मुलाची शेवंतीही त्याच टेम्पोतून जायची. आणि त्याच मुलानं सायकलच्या पंपानं मारून त्याचा हात मोडला होता.

मी गर्दी बाजूला केली. चाचा ओट्याला टेकून बसला होता, ओठ फुटलेला. मला म्हणाला, "साहेब, पानी द्या वाईच."

मी म्हणालो, "आधी नाव सांग. लायसन कुठाय?"

आबाला दवाखान्यात पाठवलं, तिथून पुण्याला. मी पंचनामा लिहिला. 'टेम्पोच्या समोरील डाव्या कोपऱ्यास पोचा आहे. चालकाच्या अंगावरील कपड्यांस दूध व रक्ताचे डाग आहेत.' दोन्ही वाक्यं खरी होती. खऱ्या वाक्यांनी खोटी गोष्ट कशी उभी राहते ते मी त्या दिवशी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं. मुलानं फिर्याद दिली, सात जणांनी 'आम्ही बघितलं' म्हणून जबाब दिले. भरधाव आणि हयगयीनं वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा चाचावर दाखल झाला. टेम्पो जप्त करून ठाण्याच्या आवारात लावला.

गुन्हा जामीनपात्र, त्यामुळे जामीन लगेच झाला. गाव मात्र सोडायला तयार नव्हतं. फुलं दुसऱ्या गाडीत जाऊ लागली, चाचाच्या घरी कोणी फिरकेना. तिकडे पुण्यात आबा शुद्धीवर येत नव्हता. तो गेला असता तर कलम वाढलं असतं, आणि गावातल्या माणसाला मारणारा हा शिक्का त्याच गावात जन्मभर मिरवत चाचाला राहावं लागलं असतं. मोडका हात गळ्यात अडकवून तो रोज ठाण्यात यायचा, लिंबाखाली बसायचा. एकच वाक्य बोलायचा, "साहेब, मी थांबलो हुतो. उडवलं न्हाई." मी म्हणायचो, कोर्टात सांग. मला त्याचा राग यायचा. रोज तोंड दाखवून हा माझ्यावर दबाव आणतोय असं वाटायचं.

आमच्याकडे एक जुने हवालदार होते. निवृत्तीला आलेले, तंबाखू मळत मळत बोलणारे. पाचव्या दिवशी ते टेम्पोपाशी उभे राहून मला म्हणाले, "साहेब, पोच्यात गंज हाय. पाच दिसांत लोखंडाला एवढा गंज चढतो व्हय?"

मी आधी त्यांच्यावरच डाफरलो. मग जाऊन बघितलं. पोचा जुना होता. निदान एक पावसाळा खाल्लेला. तो मी लिहिला होता, पण त्याच्याकडे बघितलं नव्हतं. वरिष्ठांना मी गुन्हा उघडकीस आणल्याचं कळवून मोकळा झालो होतो. आता दोनच वाटा होत्या, गप्प बसायचं किंवा स्वतःचीच तपासाची फाईल उसवायची. मी ठरवलं, उसवायची. आबा शुद्धीवर येवो न येवो, उडवलं कोणी ते मी शोधणार.

फाट्यावर ओट्यासमोरच पंक्चरचं दुकान होतं. दुकानदाराचा जबाब आम्ही घेतला होता, 'मी आत होतो, काही पाहिले नाही.' त्याला ठाण्यात बोलावलं तर तो तेच सांगणार हे उघड होतं. ज्याला गावात दुकान चालवायचंय तो गावाविरुद्ध पोलिसांत कशाला बोलेल? म्हणून साध्या कपड्यात मोटारसायकल घेऊन गेलो, अलीकडे थांबून चाकातली हवा स्वतःच सोडली आणि ढकलत ढकलत दुकानापर्यंत नेली. त्यानं ट्यूब काढली, पाण्यात बुडवली, फिरवून फिरवून बघितली. पंक्चर सापडेना. मग माझ्याकडे बघून तो हसला.

"पंक्चर न्हाईच हो साहेब."

"नाही ना? मग तुझ्या पोटात जे आहे ते काढ," मी म्हणालो.

बराच वेळ तो ट्यूब पुसत राहिला. मग हळू आवाजात सांगितलं. टेम्पो नंतर आला. आधी उसाचा ट्रॅक्टर गेला, टेप मोठ्यानं लावलेला. तो गेला तेव्हा आबा उभा होता का पडला ते दिसलं नाही, मधे ऊस आडवा आला. पण टेम्पो आला तेव्हा आबा खालीच होता. एवढं सगळं माहीत असून बोलला का नाहीस, असं मी विचारलं नाही. तो प्रश्न मला स्वतःलाही लागू होता.

ठाण्यात परत येऊन मुद्देमालाच्या खोलीतली सायकल आणि कॅन बाहेर काढले. उजवीकडचा कॅन वाळलेल्या दुधानं माखला होता. पंचांना बोलावून त्यांच्यासमोर तो ओल्या फडक्यानं पुसला. खाली वीतभर लांब निळा ओरखडा निघाला. चाचाचा टेम्पो पांढरा होता.

पुढचं काम सोपं पण कंटाळवाणं होतं. भागातल्या कारखान्याच्या वजनकाट्याच्या नोंदवहीत त्या सकाळी न्हावऱ्याच्या बाजूनं आलेली वाहनं शोधली. त्यात निळ्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर एकच. दोन ट्रॉल्यांचा. मागच्या ट्रॉलीच्या डाव्या फळीवर रंग खरवडलेला, आणि त्याची उंची कॅनच्या ओरखड्याशी जुळत होती.

चालक पंचविशीचा, शेजारच्याच गावचा. त्याला समोर बसवला तेव्हा मला वाटलं, आता दोन तास नाटक बघायचं. तर तो सरळ म्हणाला, व्हय, मी त्या वाटेनं गेलो. सायकलवाला म्हातारा दिसला. त्याला बाजूनं जागा दिली आणि पुढं गेलो. दुसऱ्या दिवशी कळलं, त्याला टेम्पोनं उडवलं म्हणून. वाईट वाटलं.

मी त्याचे डोळे बघत होतो, हात बघत होतो. खोटं बोलणाऱ्याचे पाय खुर्चीखाली गप्प राहत नाहीत, हा माझा अनुभव. याचे पाय शांत होते. पोरगा खरं बोलत होता. आमचा एक शिपाई दाराशी बाह्या सरसावून उभा होता, त्याला मी बाहेर चहा आणायला पाठवला. मारून कबुली मिळाली असती, पण तीही त्या सात जणांच्या जबाबांसारखीच निघाली असती.

विचारता विचारता एवढं कळलं की चार हंगाम तो एकच ट्रॉली ओढत होता. दुसरी ट्रॉली मालकानं त्याच आठवड्यात जोडली होती.

मी विचारलं, "ओट्यापाशी डावीकडं कधी घेतलंस?"

"मागं वळून बघितलं, साहेब. ट्रॉली म्हाताऱ्याच्या पुढं गेली, मंग घेतलं."

"कुठली ट्रॉली?"

खुर्चीखाली त्याचे पाय हलायला लागले.

तरी तो म्हणाला, धक्का बसला असता तर कळलं असतं की. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवून मी तोच ट्रॅक्टर, तेवढाच ऊस भरून, फाट्यावर आणवला. पंक्चरवाल्याची एक मोडकी सायकल बांबूच्या आधारानं आबा जिथं होता तिथं उभी केली, दोन्हीकडे पाण्यानं भरलेले कॅन लटकवले. चालकाला सांगितलं, त्या दिवशी चालवलास तसाच चालव.

ट्रॅक्टरचं मुंडकं सायकलच्या बाजूनं व्यवस्थित गेलं, चांगली दोन हात जागा सोडून. पहिली ट्रॉलीही गेली. त्यानं वळून बघितलं. पहिल्या ट्रॉलीवरचा ऊस एवढा उंच की त्यामागं दुसरी आहे की नाही हे दिसतच नव्हतं. त्यानं ओटा वाचवायला डावीकडं घेतलं. मागची ट्रॉली पुढचीच्या चाकोरीतून येत नाही, ती आतून येते. ती आतून आली, कॅनला घासली आणि सायकल सावकाश दगडांवर नेऊन दाबली. आवाज असा झालाच नाही. ट्रॅक्टर तसाच पुढं चालला होता. हवालदार धावत जाऊन ओरडले तेव्हा कुठं थांबला.

तो खाली उतरून मागं चालत आला. दुमडलेली सायकल बघितली आणि तिथंच रस्त्यावर बसला. "मला कळलंच न्हाई," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू? पण त्याच्यावर गुन्हा लावला, आणि तो त्यानं कोर्टात नाकारला नाही. चाचाविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी कोर्टात पाठवला. त्यात पोच्याबद्दल माझी चूक मी स्पष्ट लिहिली. वरिष्ठांनी चांगलीच हजेरी घेतली. घ्यायलाच हवी होती.

आबा बाराव्या दिवशी शुद्धीवर आला. त्याला अपघाताचं काहीच आठवत नव्हतं. डॉक्टरांनी नातेवाइकांना सांगितलं होतं की आणायला अजून अर्धा तास गेला असता तर अवघड होतं. घरी आल्यावर त्याला सगळी हकिगत कळली, आणि टेम्पो सोडायच्या दिवशी काठी टेकत तो मुलाला घेऊन ठाण्यात आला. मुलगा मान वर करत नव्हता. चाचापुढं जाऊन तो माफी मागायला लागला. आबा त्याला म्हणाला, "तोंडानं नगं मागूस. ह्याचा हात बरा हुईस्तवर ह्याच्या टेम्पोत रोज फुलं तू भरायची. समद्या गावाची." मुलानं मान हलवली. नंतर मला कळलं, त्यानं दोन महिने ते केलं.

ते दोघं गेल्यावर मी चाचाला किल्ली दिली, सही घेतली. मोडक्या हातामुळे टेम्पो चालवायला त्यानं भाच्याला आणलं होतं. पण तो लगेच निघेना. दारात उभा राहून म्हणाला, "साहेब, येक इचारू? उद्या परत कुनी रस्त्यात पडल्यालं दिसलं, तर थांबू का नगं?"

मला आतून लाज वाटली. मग मी अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणालो, "थांबायचं. पण चाचा, तुम्ही आधी फाट्यावरून मला फोन करायचा. मी येईपर्यंत कोणाला हात लावायचा नाही."

तो हसला. ओठावर जखमेचा वण अजून दिसत होता.

"तुमची जीप धक्का मारून सुरू हुईस्तवर त्यो मानूस ऱ्हाईल का साहेब?"

एवढं बोलून तो गेला. म्हणजे हा माणूस पुन्हा थांबणार होता, मोडक्या हातानंही थांबणार होता, आणि मी त्याला हात न लावायचा सल्ला दिला होता.

मागची ट्रॉली पार झाल्याशिवाय ओव्हरटेक पुरा होत नाही, हे मी पुढं कितीतरी चालकांना त्या ओट्यापाशी उभं करून सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी मान हलवून पुढच्या सायकलला गाठलं. पण मी स्वतः जे शिकलो ते वेगळं होतं. ज्यानं धडक दिली तो बहुतेक वेळा जागेवर सापडत नाही. जागेवर सापडतो तो थांबलेला माणूस. आणि पहिला मार तोच खातो, गर्दीचाही आणि आमचाही.

त्यानंतर नोकरीची जेवढी वर्षं उरली होती, तेवढी वर्षं जीपमध्ये पाण्याचा एक कॅन असायचा. अपघाताच्या जागी जो थांबलेला भेटला, त्याला मी आधी पाणी दिलं. नाव नंतर विचारलं.